कंपनीचे गाव कोणते?

शताब्दी ग्रंथासाठी आपल्या परिसराच्या इतिहासातील एखादे प्रकरण निवडून त्यावर लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी मराठीचा अध्यापक. ताळेबंद वाचणे आणि कायद्याची कलमे उलगडणे हा माझा प्रांत नव्हे. परंतु मिसरोदला राहणाऱ्या माणसाला असा विषय शोधत फिरावे लागत नाही. आमच्या लहानशा स्थानकातून गाडीने उत्तरेकडे निघावे, तर भोपाळ जंक्शन मागे पडताच थोड्या अंतरावर युनियन कार्बाइडचा गंजून गेलेला कारखाना आहे. दक्षिणेकडे निघावे, तर पुढचेच स्थानक मंडीदीपचे, म्हणजे देशी-परदेशी कारखान्यांच्या वसाहतीचे. जगाच्या अर्थकारणात बहुराष्ट्रीय कंपन्यांचे स्थान काय, या प्रश्नावर आपल्या ग्रंथालयाच्या कपाटांत पुस्तके आहेतच. त्या प्रश्नाचे एक उत्तर मात्र आपल्या दाराशीच घडून गेले, आणि त्याचे कागद अजून मिटलेले नाहीत.

आरंभी शब्दाविषयी थोडे. भाषेच्या माणसाची ही खोड वाचकांनी सहन करावी. ‘कंपनी’ हा शब्द मराठीत रुजला तोच मुळी राज्य घेऊन. आपले पूर्वज ‘कंपनी सरकार’ म्हणत. १८१८ साली पेशवाई संपली आणि त्याच वर्षी भोपाळच्या नवाबानेही कंपनीशी तह केला. पुढे कंपनीचे राज्य गेले, पण शब्द राहिला, आणि शंभर-दीडशे वर्षांनी त्याच्यामागे ‘बहुराष्ट्रीय’ हे विशेषण येऊन बसले. हे विशेषण मला पहिल्यापासून खटकत आले आहे. बहुराष्ट्रीय म्हणजे अनेक राष्ट्रांची. प्रत्यक्षात अशी कंपनी एका राष्ट्रात जन्मते, तिचे मोठे निर्णय एका गावी होतात, आणि हातपाय मात्र अनेक राष्ट्रांत पसरलेले असतात. मग तिचे गाव कोणते मानावे? नफ्याच्या वेळी एक आणि दायित्वाच्या वेळी दुसरे, असे असू शकते काय? भोपाळच्या प्रकरणात चाळीस वर्षे हाच प्रश्न निरनिराळ्या न्यायालयांत फिरत राहिला आहे.

युनियन कार्बाइडचा जन्म १९१७ सालचा. अमेरिकेत कार्बाइड, औद्योगिक वायू आणि कोरडे विद्युत्‌घट तयार करणाऱ्या काही कंपन्या एकत्र आल्या आणि हा समूह उभा राहिला. वयाने पाहता ही कंपनी आणि आपले ग्रंथालय एकाच पिढीचे म्हणायचे. हिंदुस्थानात तिने प्रवेश केला तो विजेरीच्या रूपाने. १९३४ साली कलकत्त्यात एव्हरेडी कंपनी स्थापन झाली. तिचेच नाव पुढे नॅशनल कार्बन कंपनी आणि १९५९ च्या अखेरीस युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड असे झाले. खेड्यापाड्यांतील मराठी माणूस हातातल्या विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतो. ज्या घरांत वीज पोचली नव्हती त्यांपैकी कितीतरी घरांत हे घट पोचले होते. रात्रीचे पाणी धरायला शेतावर निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात ही कंपनी होती, आणि ती परदेशी आहे असे त्याला कधी वाटले नाही. हे यश थोडेथोडके नव्हे. घटांनंतर मुंबईत ट्रॉम्बे येथे तिने प्लास्टिक आणि रसायने यांचे उत्पादन केले. १९८० च्या सुमारास देशभरात तिचे डझनाहून अधिक कारखाने आणि सुमारे नऊ हजार कर्मचारी होते.

भोपाळचा कारखाना १९६९ सालचा. प्रारंभी तेथे अमेरिकेहून आलेले ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक मिसळून, भरून विकले जाई. हरितक्रांतीचे दिवस होते. कीटकनाशके हवी होती, पण ती आणण्यासाठी लागणारे परकीय चलन तिजोरीत नव्हते. जे बाहेरून आणता ते इथेच तयार करा, ही त्या काळातील सरकारची भूमिका होती, आणि ती सर्वस्वी चुकीची होती असे मला म्हणवत नाही. १९७५ साली कंपनीला वर्षाला पाच हजार टन कीटकनाशक तयार करण्याचा परवाना मिळाला. त्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट हा अतिविषारी, पाण्याशी तीव्र प्रक्रिया करणारा द्रव आधी पिंपांतून अमेरिकेहून येत असे. १९८० पासून तो भोपाळातच तयार होऊ लागला.

याच काळात दिल्लीत एक महत्त्वाचा कायदा झाला होता. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये, म्हणजे ज्याला सर्वजण ‘फेरा’ म्हणत त्यान्वये, परदेशी कंपन्यांना भारतीय उपकंपनीतील आपला हिस्सा साधारणतः चाळीस टक्क्यांवर आणणे भाग होते. कोकाकोला १९७७ साली आणि आयबीएम त्यानंतर लगेच देश सोडून गेली ती याच वादातून. कार्बाइड गेली नाही. उच्च तंत्रज्ञानाच्या उद्योगांना कायद्यात सवलत होती. तिचा आधार घेऊन अमेरिकन कंपनीने आपला हिस्सा ५०.९ टक्क्यांवर थांबवला. उरलेले समभाग भारतीय वित्तसंस्था आणि हजारो सामान्य भागधारक यांच्याकडे होते.

हा ५०.९ चा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. निम्म्याहून जेमतेम एक टक्का अधिक असलेल्या या हिश्शात सारे प्रकरण सामावलेले आहे. अर्ध्याहून अधिक समभाग ज्याच्याकडे, त्याच्याकडे संचालक नेमण्याचा, मोठा खर्च मंजूर करण्याचा वा नाकारण्याचा अधिकार. पुढे अमेरिकेतील दाव्यांच्या ओघात जी अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली, त्यांत भोपाळच्या प्रकल्पाचा खर्च आखताना हे बहुमत हातचे जाऊ नये याची चिंता स्पष्ट दिसते. नवीन समभाग विकून भांडवल वाढवावे तर मूळ कंपनीचा हिस्सा घटणार. तो घटू द्यायचा नाही, म्हणून खर्च आवरायचा. भारतीय उपकंपनीचे एक माजी व्यवस्थापकीय संचालक एडवर्ड मुनोझ यांनी १९८५ साली प्रतिज्ञापत्रावर सांगितले, की मिथाइल आयसोसायनेटचा मोठा साठा भोपाळात असू नये असे भारतीय कंपनीचे मत होते, परंतु मूळ कंपनीच्या आग्रहाने मोठ्या टाक्या बसवल्या गेल्या. हुकूम कोठून येत होता, हे यावरून कळावे.

तथापि आपल्याकडच्या सत्ताधाऱ्यांनाही यातून सुटका नाही. १९८१ च्या डिसेंबरात कारखान्यात विषारी फॉस्जीन वायूने एका कामगाराचा मृत्यू झाला. १९८२ साली अमेरिकेतील तज्ज्ञांचे पथक येऊन सुरक्षिततेतील त्रुटी नोंदवून गेले. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकाराने आपल्या छोट्या साप्ताहिकातून, शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे, असा इशारा दिला. १९८४ च्या जूनमध्ये त्यांनी तो ‘जनसत्ता’तून पुन्हा दिला. विधानसभेतही प्रश्न निघाला. तेव्हा मंत्रिमहोदयांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की कारखान्यात पंचवीस कोटी रुपये गुंतले आहेत, तो काही उचलून दुसरीकडे ठेवता येईल असा दगडाचा तुकडा नव्हे. उलट, १९८४ साली कारखान्याला लागून असलेल्या झोपड्यांना शासनाने पट्टे दिले.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीविषयी भोपाळच्या वाचकांना मी काय सांगावे? घरोघर ती कथा ठाऊक आहे, आणि ती सांगण्याचा अधिकार ज्यांनी भोगले त्यांचा. इतकेच नोंदवतो, की सेव्हिनचा खप घसरलेला होता, कारखाना क्षमतेच्या फार खाली चालत होता, तो विकून टाकण्याचा विचार सुरू होता आणि खर्चात कपात झालेली होती. टाकी क्रमांक ६१० मध्ये चाळीस टनांच्या आसपास द्रव साठवलेला होता. तो थंड ठेवणारे शीतयंत्र काही महिन्यांपासून बंद होते. सुटलेला वायू जाळून टाकणारी ज्योत नळ तुटक असल्याने जोडलेली नव्हती. वायू धुऊन निष्प्रभ करणारा मनोरा त्या घटकेस सज्ज नव्हता. टाकीत पाणी शिरले. माणसे होशंगाबाद, रायसेन, विदिशा, सीहोरच्या रस्त्यांनी पळत सुटली. मृतांचा पहिला सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे दावे तपासून शासनाने मान्य केलेला आकडा ५,२९५ झाला, आणि तोही पीडितांच्या संघटनांना कधी मान्य झाला नाही. जखमींचा सरकारी आकडा साडेपाच लाखांच्या वर आहे.

चारच दिवसांनी, ७ डिसेंबरला, कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन भोपाळला आले. त्यांना अटक झाली, पंचवीस हजार रुपयांच्या जामिनावर सुटका झाली आणि सरकारी विमानाने त्याच दिवशी त्यांना दिल्लीला पोचविण्यात आले. ते पुन्हा भोपाळच्या न्यायालयासमोर उभे राहिले नाहीत. २०१४ साली फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.

यानंतरचा इतिहास न्यायालयांचा आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत अभ्यसनीय भाग हाच. १९८५ साली संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लढविण्याचा अधिकार भारत सरकारकडे घेतला, आणि सरकारने दावा नेला तो न्यूयॉर्कला. युक्तिवाद असा, की ही कंपनी एकजीव आहे. आराखडा, तंत्र, पैसा आणि निर्णय अमेरिकेचे, तेव्हा दायित्वही अमेरिकेत ठरावे. इतपत ठीक. परंतु पुढे सरकारला असेही म्हणावे लागले, की आमची न्यायालये या कामास अपुरी आहेत, खटले वर्षानुवर्षे चालतात, असल्या दाव्यांचा आम्हास अनुभव नाही. आणि अमेरिकन कंपनी काय म्हणाली? भारताची न्यायव्यवस्था उत्तम आहे, स्वतंत्र आहे, समर्थ आहे. या दाव्याचे खरे स्थान भारतच! तिच्या बाजूने नानी पालखीवाला यांच्यासारख्या विधिज्ञाने प्रतिज्ञापत्र दिले. स्वतःच्या न्यायालयांची उणीदुणी काढणारे भारत सरकार आणि त्यांचे गोडवे गाणारी कार्बाइड, असा हा उलटा देखावा न्यूयॉर्कने पाहिला. १२ मे १९८६ रोजी न्यायमूर्ती जॉन कीनन यांनी कंपनीचे म्हणणे उचलून धरले. भारताच्या न्यायव्यवस्थेला जगापुढे ताठ उभे राहण्याची ही संधी नाकारणे हा साम्राज्यवादाचाच एक प्रकार ठरेल, अशा आशयाचे त्यांचे विवेचन आहे. वाचताना आपली मान उंचावते. निकालाचा फायदा कोणाला झाला हे लक्षात आले की खाली येते.

दावा भोपाळच्या जिल्हा न्यायालयात आला आणि लगोलग कंपनीची भाषा पालटली. आपल्या लेखी उत्तरात तिने म्हटले, की ‘बहुराष्ट्रीय कंपनी’ अशी कोणतीही वस्तू कायद्याला ठाऊक नाही. अमेरिकन कंपनी वेगळी, भारतीय कंपनी वेगळी. एक दुसरीची केवळ भागधारक. विशेषण मला खटकते असे मी वर म्हटले, पण कंपनीने तर ते मुळातूनच पुसून टाकले.

त्या टप्प्यावर मराठी वाचकाला ओळखीची वाटावीत अशी दोन आडनावे या प्रकरणात दिसतात. १७ डिसेंबर १९८७ रोजी जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी अंतिम निकालाची वाट न पाहता कंपनीने ३५० कोटी रुपये अंतरिम मदत द्यावी, असा आदेश दिला. भोपाळच्या एका न्यायाधीशाने अमेरिकेतील बलाढ्य कंपनीला असे बजावणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. दुसरे आडनाव विरुद्ध बाजूस सापडते. कंपनीच्या वतीने तपास करणाऱ्या अमेरिकन सल्लागार संस्थेचे अशोक कळेलकर यांनी १९८८ साली लंडनच्या एका परिषदेत, नाराज कामगाराने जाणूनबुजून टाकीत पाणी सोडले, हा सिद्धांत मांडला. या सिद्धांताची तपासणी न्यायालयात साक्षीपुराव्याने कधीच झाली नाही.

उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एस. के. सेठ यांनी ४ एप्रिल १९८८ रोजी रक्कम अडीचशे कोटींवर आणली, पण तत्त्व अधिक बळकट केले. उपकंपनीचा पडदा बाजूला सारून पाहिले असता खरा ताबा अमेरिकन कंपनीचाच होता, असे त्यांनी म्हटले. म्हणजे ५०.९ या आकड्याचा अर्थ एका भारतीय न्यायालयाने स्पष्ट शब्दांत लावला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तेथे अपील या मुद्द्यावरचे असताना १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सगळाच दावा ४७ कोटी डॉलरवर तडजोडीने मिटविण्यात आला. सरकारची मूळ मागणी तीन अब्ज डॉलरहून अधिक होती. पीडितांना कोणी विचारले नाही. कंपनीने आपल्या भागधारकांना दिलेल्या हिशोबात या तडजोडीचा त्या वर्षीच्या नफ्यावरील भार प्रत्येक समभागामागे ४३ सेंट इतका दाखवला.

तडजोड करताना मृत तीन हजार आणि जखमी सुमारे एक लाख धरले होते. प्रत्यक्षात ज्यांना भरपाई द्यावी लागली त्यांची संख्या पावणेसहा लाखांच्या घरात गेली. रक्कम तीच, वाटेकरी पाचपट. बहुसंख्य जखमींच्या हाती पंचवीस हजार रुपये आले. २००४ नंतर, रुपया घसरल्याने आणि व्याजाने उरलेले सुमारे दीड हजार कोटी वाटण्याचा आदेश झाला तेव्हा तेवढेच आणखी. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने २०१० साली केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली.

एक गोष्ट मात्र भोपाळच्या निमित्ताने खरोखर बदलली. दिल्लीतील एका वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या डिसेंबरात असे ठरविले, की धोकादायक उद्योग करणाऱ्याला अपघातानंतर कोणतीही सबब सांगता येणार नाही, त्याचे दायित्व संपूर्ण राहील. पर्यावरण संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. भोपाळच्या पीडितांना मात्र या तत्त्वाचा लाभ मिळाला नाही, कारण त्यांचा दावा तडजोडीत संपला होता.

मंत्रिमहोदयांचे वाक्य पुन्हा आठवा. कारखाना हलविता येत नव्हता, कंपनी मात्र सहज हलली. १९९४ साली अमेरिकन कंपनीने आपले ५०.९ टक्के समभाग कलकत्त्याच्या मॅक्लिओड रसेल या कंपनीला विकले. न्यायालयाने जप्त केलेल्या त्या समभागांच्या पैशांतून भोपाळात गॅसपीडितांचे रुग्णालय उभे राहिले, हे खरे. भारतीय कंपनी पुन्हा एव्हरेडी झाली. म्हणजे १९३४ चे नाव परत आले आणि मधले नाव गळून पडले. २००१ साली मूळ अमेरिकन कंपनी डाऊ केमिकलने घेतली. भोपाळचे दायित्व आपण विकत घेतलेले नाही, अशी डाऊची भूमिका आहे. कार्बाइडवरील अमेरिकेतील ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांसाठी मात्र थोड्याच काळात दोन अब्ज डॉलरहून अधिक तरतूद करण्यात आली. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. अमेरिकन कंपनी आणि अँडरसन हे फरार घोषित झालेले असल्याने त्या निकालात आलेच नाहीत.

हे सारे एका दुष्ट कंपनीचे कर्म, असे म्हणून मोकळे होता येत नाही. स्थान निवडण्याची मोकळीक हाच या संस्थांचा मोठा गुण आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातील दाभोळ प्रकरण पाहिले की तो नीट कळतो. भोपाळात कंपनीला भारतीय न्यायालय हवे होते. दाभोळच्या वीज प्रकल्पात एन्रॉनला ते नको होते. तेथे करारातच वाद लंडनच्या लवादापुढे न्यावा असे लिहून घेतले होते. १९९५ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनाने करार रद्द केला तेव्हा प्रकरण तेथेच गेले, आणि शासनाला पुन्हा वाटाघाटीस बसावे लागले. एन्रॉन २००१ साली बुडाली ती तिच्या स्वतःच्या हिशोबांनी.

आता मिसरोदच्या दक्षिणेकडे वळतो. मंडीदीपच्या वसाहतीत प्रॉक्टर अँड गँबलसारख्या अमेरिकन कंपनीचा कारखाना आहे, तसाच ल्युपिन या भारतीय औषध कंपनीचाही. १९६८ साली मुंबईत सुरू झालेली ही कंपनी आज अमेरिकेच्या औषधपेठेत मोठी विक्रेती आहे आणि २००७ साली तिने जपानमधील एक कंपनीही विकत घेतली होती. आता आपल्याही कंपन्या बहुराष्ट्रीय आहेत! त्यांच्या मंडीदीपच्या कारखान्यात अमेरिकेच्या औषध नियामकाचे निरीक्षक येतात, नोंदवह्या उघडून पाहतात, त्रुटी आढळल्यास माल अडवू शकतात. आपल्या रुग्णांसाठी ते इतक्या लांब येतात, याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. १९८२ साली अमेरिकेहून भोपाळला आलेले पथक कंपनीने पाठवलेले होते, आणि त्याचा अहवाल कंपनीकडेच गेला. काली परेडच्या वस्तीला तो वाचायला मिळाला नाही.

१ जानेवारी २०२५ च्या रात्री कारखान्याच्या आवारात चाळीस वर्षे पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा बारा वाहनांतून धार जिल्ह्यातील पीथमपूरला रवाना झाला, आणि जूनअखेर तो जाळून झाला. खर्च सरकारी तिजोरीतून झाला. आवाराखालची माती आणि आसपासच्या वस्त्यांचे भूजल यांचा प्रश्न मात्र तसाच आहे.

भोपाळच्या न्यायालयाने फौजदारी प्रकरणात डाऊ केमिकलवर वर्षानुवर्षे समन्स काढली होती. २०२३ च्या ऑक्टोबरात, सातव्या समन्सनंतर, त्या कंपनीचे वकील प्रथमच भोपाळच्या न्यायालयात हजर झाले. त्यांचे म्हणणे असे होते, की या न्यायालयाला आमच्यावर अधिकारच नाही.